लाकडी ठोकळ्याची रायफल: एका बदललेल्या बंदुकीची ओळख पटवताना

पार्श्वभूमी

एका शिक्षणसंस्थेच्या छोट्या वस्तुसंग्रहालयात पस्तीसेक शस्त्रं आहेत. त्यांतली बहुतेक एका जुन्या जहागीरदार घराण्याच्या शिलेखान्यातून आली. तलवारी, पट्टे, दोन तोड्याच्या बंदुका, चार-पाच ठासणीच्या, आणि भिंतीवरच्या काचेच्या कपाटात एक ‘रायफल’. संस्था, गाव आणि माणसं यांची नावं इथे दिलेली नाहीत. बंदुकीबद्दलचा मजकूर मात्र जसा नोंदवला तसाच आहे.

रजिस्टरात तिची नोंद एका ओळीची होती: ‘३०३ रायफल, पहिले महायुद्ध.’ पोलिस ठाण्याने संस्थेकडे सगळ्या बंदुकांची बोअरसह (नळीच्या आतल्या मापासह) यादी मागितली तेव्हा ही ओळ तशीच उतरवून द्यायचं ठरत होतं. मी त्या वेळी तिथे ठासणीच्या बंदुकांची नोंद करत होतो. संग्रहालय सांभाळणारे काका म्हणाले, “एवढी एक बघून घ्या. हिच्यात काहीतरी गडबड आहे, पण काय ते कळत नाही.”

अडचण कुठे होती

लांबून बघितलं तर ली-एनफिल्डच. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यानपिढ्या दिसलेली, ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून लहान मुलंही ओळखत होती ती. दस्त्याच्या मानेजवळच्या लोखंडी कड्यावर मुकुट, खाली जी. आर. (इंग्रज राजाची आद्याक्षरं), मग ‘एनफिल्ड’ (इंग्लंडमधला सरकारी कारखाना), १९१७ आणि मार्क तीन-स्टार. हा नमुना १९०७ चा. त्याची युद्धकाळात सोपी केलेली आवृत्ती म्हणजे तीन-स्टार. तेव्हा ‘पहिले महायुद्ध’ हे लिहिणाऱ्याने काही चुकीचं लिहिलं नव्हतं.

जवळ गेल्यावर मात्र एकेक गोष्ट खटकायला लागली. पुढचं लोखंडी तोंड, जिथे संगीन बसते ते, नव्हतंच. पुढचं लाकूड निम्म्यात कापून गोल केलेलं होतं. मागच्या नेमाच्या जागी लष्करी सरकती पट्टी जाऊन पितळेचं इंग्रजी व्ही-च्या आकाराचं घडीचं पान आलं होतं. मॅगझिनचा डबा होता, पण आत ना स्प्रिंग ना पट्टी. त्याऐवजी लाकडाचा ठोकळा. चापाच्या पुढे लाकडातून आरपार एक आडवा स्क्रू गेला होता. बोल्टच्या (काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) मुठीवरचा आकडा आणि मूळ सांगाड्यावरचा आकडा जुळत नव्हता. मुठीवर तर एक आकडा खोडून दुसरा मारलेला होता. आणि नळीत टॉर्च टाकला तर आत आटेच (गोळीला फिरकी देणाऱ्या वळणदार खाचा) नाहीत. ली-एनफिल्डच्या ३०३ नळीत डावीकडे वळणारे पाच आटे असतात. इथे मात्र आतला पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत.

म्हणजे सात-आठ भाग ‘जसे असायला हवेत तसे नाहीत’. असं काही दिसलं की बहुतेक जण दोनपैकी एक बोलतात: ‘कोणीतरी खराब केली’ किंवा ‘नकली आहे’. दोन्ही उत्तरं देणं सोपं आहे, आणि त्यांत एक गृहीत लपलेलं असतं की सगळे बदल एकाच हाताने, एकाच वेळी झाले.

पहिला अंदाज, आणि तो का चुकला

मीही तेच गृहीत धरलं. पहिल्या दिवशीची माझी टिपण माझ्याकडे आहे: ‘३०३ रायफल, शिकारीसाठी स्थानिक कारागिराकडून बदललेली. नळी झिजल्यामुळे मोठी करून घेतलेली असावी. मॅगझिनमध्ये सुताराने बसवलेला ठोकळा, काढून टाकावा.’

‘काढून टाकावा’ हे शब्द आज वाचताना अंगावर येतात. संस्थेच्या एका हौशी माजी विद्यार्थ्याने तर खरं मॅगझिन मिळवून बसवून द्यायची तयारीही दाखवली होती. कपाटात बंदूक ‘पूर्ण’ दिसली असती, आणि तिच्यावरचा सगळ्यांत मोलाचा पुरावा चुलीत गेला असता.

त्या ठोकळ्याने मला दुसऱ्या दिवशी थांबवलं. सुतार एखादी पोकळी बुजवतो तेव्हा पोकळीच्या मापाचा तुकडा करतो, ठोकतो आणि वरून सपाट करतो. या ठोकळ्याच्या वरच्या अंगाला उथळ पन्हळ होती. ती मागून पुढे, किंचित चढत, थेट नळीच्या तोंडाशी जात होती. बाजू यंत्रावर कापलेल्या, कडा सारख्या. हा तुकडा जागा भरायला केलेला नव्हता. हाताने एकेक काडतूस ठेवलं की ते घसरत चेंबरपर्यंत (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेपर्यंत) जावं, अशी ती वाट होती. ज्याने हा ठोकळा घडवला त्याला ही दहा काडतुसांची रायफल मुद्दाम एका वेळी एकच काडतूस घेणारी करायची होती.

हे लक्षात आलं आणि मग नळीकडे पुन्हा बघितलं. झिजलेली ३०३ नळी कितीही झिजली तरी तिचा व्यास पावणेआठ मिलिमीटरच्या आसपासच राहतो. साधी पेन्सिल तिच्यात जेमतेम जाते. इथे पेन्सिल खडखडत होती. कॅलिपरने तोंडाशी १०.४ मिलिमीटर भरलं, म्हणजे ०.४१० इंच.

संस्थेच्या ओळखीतले एक निवृत्त आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारे) हवालदार आहेत. त्यांना बोलावलं. त्यांनी बंदूक हातात घेतली, बोल्ट मागे ओढला, ठोकळ्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “साहेब, ही आपली फोर-टेन हो. मस्केट. पुढचं तोंड कोणी उडवलं हिचं?”

फोर-टेन मस्केट म्हणजे काय

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण याशिवाय पुढचं कळणार नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हातात मुद्दाम कमी ताकदीची हत्यारं द्यायचं धोरण धरलं. १८५८ आणि १८५९ च्या एनफिल्ड नमुन्यांत नळीतले आटे गेले, गुळगुळीत नळ्या आल्या. आटे नसले की गोळी लांबवर नेमकी जात नाही. पोलिस, तुरुंगाचे पहारेकरी यांच्यासाठी हीच रीत पुढे चालू राहिली. ली-एनफिल्डच्या जमान्यात तिचं रूप म्हणजे ही ०.४१० मस्केट: सांगाडा आणि बोल्ट ३०३ चा, नळी गुळगुळीत, मॅगझिन बंद. काडतूसही ३०३ च्याच पितळी पुंगळीचं (काडतुसाच्या कवचाचं), फक्त पुढची मान आवळलेली नाही, सरळ. बुडाची कड तीच असल्यामुळे बोल्टचं तोंड बदलावं लागत नाही. पळवून नेलेल्या मस्केटमध्ये लष्करी ३०३ काडतूस घालून काही उपयोग नाही, आणि मस्केटचं काडतूस रायफलीत जात नाही. सरकारच्या दृष्टीने दोन्ही बाजूंनी सोय.

थोडक्यात, ज्याला मी ‘सुताराचं काम’ म्हटलं होतं तो ठोकळा या बंदुकीतला सगळ्यांत सरकारी भाग निघाला.

खोलायचं की नाही

पहिला खरा निर्णय इथे आला. नळीवरच्या खुणा लाकडाखाली असतात, त्यामुळे ‘एकदा पूर्ण खोलून बघू’ असं सगळ्यांनाच वाटत होतं.

या बंदुकीत एक जुना सापळा आहे. दस्ता ज्या लांब स्क्रूने बसतो त्याचं पुढचं टोक चौकोनी असतं, आणि पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकात बसवलेल्या लहानशा पट्टीत ते अडकतं. दस्ता आधी सोडवायला हा स्क्रू फिरवला की ते चौकोनी टोक लाकूड फोडतं. म्हणून पुढचं लाकूड आधी, दस्ता नंतर. काही बंदुकांतून ही पट्टी काढून टाकलेली असते, पण बाहेरून कळत नाही. शिवाय इथे तो आडवा स्क्रू होता. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात अशा बंदुकांना तो घालत. चापापुढचं लाकूड फाटू नये म्हणून. माहितगार त्याला ‘ईशापूर स्क्रू’च म्हणतात. तो मस्केटची खूण नाही. साध्या ३०३ रायफलींनाही दुरुस्तीच्या वेळी तो घातलेला असतो. तेवढ्यावरून ‘ही मस्केट’ असं म्हणता येत नाही, फक्त ‘ही बहुधा भारतीय कारखान्यातून गेलेली आहे’ एवढंच म्हणता येतं.

तीन पर्याय होते. पूर्ण खोलणं, म्हणजे सगळ्या खुणा दिसतील पण शंभर वर्षांचं वाळलेलं लाकूड फाटायची भीती. काहीच न खोलणं, म्हणजे अंदाजावर नोंद. आणि मधला: नळीवरचं मागचं लाकडी झाकण फक्त काढायचं. ते स्प्रिंगच्या चिमट्यांनी नळीला धरलेलं असतं. इथे पुढचं झाकण आणि तोंड आधीच गेलेलं असल्यामुळे ते नुसतं वर उचलून निघत होतं. मी मधला घेतला. त्याखाली नळीच्या बुडाशी ‘.४१०’ स्वच्छ ठोकलेलं होतं, शेजारी तपासणीचे ठसे. आणखी खोलायची गरज उरली नाही.

बोल्टवरच्या खोडलेल्या आकड्याचंही इथेच मिटलं. नळीच्या बुडाशी जो नंबर होता तोच मुठीवर नव्याने मारलेला होता. सांगाड्यावरचा तेवढा वेगळा, म्हणजे १९१७ चा मूळ. कारखान्यातून दुरुस्त होऊन निघताना नवी नळी आणि नवा बोल्ट एकमेकांना जुळवून दिलेले. जुना आकडा सांगाड्यावरून का खोडला नाही, ते मला सांगता येणार नाही. पण चोरीचे सुटे भाग जोडलेली बंदूक अशी दिसत नाही.

पुंगळीचा घोळ

कपाटाच्या खणात एक रिकामी पितळी पुंगळी सापडली होती. सरळ अंगाची, मान नसलेली, बुडावर ‘के. एफ.’. म्हणजे खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ पासूनचा. मस्केटची पुंगळी, खडकीची, आणि बंदूक समोर. प्रकरण संपलं असं वाटलं.

तसं झालं नाही. पुंगळी चेंबरमध्ये घातली तर डुगडुगत होती. हवालदार म्हणाले, “असं नसतं. नीट बसते ती.”

मी लगेच दुसरा निष्कर्ष काढला: पुंगळी दुसऱ्या बंदुकीची, योगायोगाने खणात पडलेली. नोंदीत तसं लिहिलंसुद्धा. दोन दिवसांत मी दुसऱ्यांदा घाई केली होती. मापं घ्यायच्या आधी मी गोष्ट रचत होतो.

मापं घेतल्यावर चित्र असं आलं. पुंगळी बुडाजवळ ११.७ मिलिमीटर. चेंबरचं तोंड १२.२. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. आता बाजारातलं शिकारी ०.४१० काडतूस, छर्‍यांचं, कागदी किंवा प्लॅस्टिकच्या नळीचं, हे मस्केटच्या काडतुसापेक्षा बुडाला जाड असतं, जवळजवळ एवढ्याच फरकाने. नाव एकच, ०.४१०, पण ते मूळ मस्केटच्या चेंबरमध्ये जात नाही. चेंबरमध्ये छोटा दिवा सोडून पाहिलं तर आत खडबडीत, गोल गोल फिरलेल्या हत्याराच्या रेघा होत्या आणि त्या जुन्या चेंबरच्या पुढेही गेल्या होत्या. नळीचा बाकीचा भाग मात्र कारखान्याच्या सफाईचा.

पुंगळी दुसऱ्या बंदुकीची नव्हती, किंवा निदान असायलाच हवी असं काही नव्हतं. मधल्या काळात चेंबरच बदललं होतं.

तीन हात

आता सगळे विचित्र भाग तीन ढिगांत पडले. सांगाडा, त्यावरची छाप आणि नंबर हे १९१७ चे, एनफिल्डचे. गुळगुळीत नळी, ‘.४१०’ चा ठसा, लाकडी ठोकळा, नवा नंबर मारलेला बोल्ट आणि बहुधा आडवा स्क्रू हे सरकारी कारखान्याचे. ईशापूरचेच असतील, पण कारखान्याचा ठसा मला दिसला नाही म्हणून नोंदीत नाव घातलं नाही. कापलेलं लाकूड, उडवलेलं तोंड, पितळी नेम आणि वाढवलेलं चेंबर हे खाजगी, शेवटचे.

पितळी नेमाकडे बघून आधी सगळे म्हणाले होते, “हे काम बघा किती सुंदर, हे मूळ असणार.” कोणीतरी जीव ओतून केलेलं काम होतं, यात शंका नाही. गुळगुळीत नळीला घडीच्या पानांचा नेम म्हणजे जरा हौसच, पण शिकारीच्या बंदुकीला तो शोभतो. सुंदर भाग नवा आणि ओबडधोबड भाग जुना, असं बदललेल्या बंदुकांत वारंवार होतं. सरकारी कारखाना देखणेपणासाठी थांबत नाही.

कागदावर काय लिहायचं

इथे वस्तुसंग्रहालयाचा प्रश्न संपून कायद्याचा सुरू झाला, आणि संस्थेच्या समितीत यावरच सगळ्यांत जास्त वाद झाला.

एकांचं म्हणणं, शंभर वर्षं उलटली, पुरावस्तू झाली, शस्त्र कायदा लागूच नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे हे खरं. पण १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ जी सूट देतं ती नुसत्या वयाला नाही. जुन्या घडणीचं, पुरातन मूल्याचं किंवा मोडकं हत्यार दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालण्याजोगं नसेल तर ती सूट. आमच्या बंदुकीच्या चेंबरला कवायतीच्या बंदुकांना पाडतात तसं भोक नव्हतं, स्ट्रायकर (काडतुसाच्या बुडावर आघात करणारी सुई) जागेवर होता. हवालदारांनी एका वाक्यात सांगितलं, “ही वाजेल.” सूट तिथेच संपली.

दुसऱ्यांचं म्हणणं जास्त चलाखीचं होतं. आता चेंबर शिकारी काडतुसाचं झालंय ना, मग ‘०.४१० शिकारी बंदूक’ असं लिहा. मस्केट शब्दच नको. पण २०१६ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टात प्रतिबंधित बोअरच्या रांगेत ३०३ रायफलींच्या शेजारीच ०.४१० मस्केट आहे, आणि मस्केटचं काडतूस उडवू शकणारी इतर बोअरची हत्यारंही आहेत. मस्केटचं काडतूस ढिलं बसत असलं तरी या चेंबरमध्ये जातं. ते चालवण्यात धोका किती, हा वेगळा प्रश्न. शिवाय मी नळीवर ‘.४१०’ चा सरकारी ठसा डोळ्यांनी बघितला होता. तो नोंदीतून गाळला असता तर बाकीची नोंदही कोणी खरी का मानावी?

म्हणून लिहिलं ते असं: १९१७ ची ली-एनफिल्ड, सरकारी कारखान्यात एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या ०.४१० मस्केटमध्ये रूपांतरित. नंतर अज्ञात व्यक्तीकडून शिकारी वापरासाठी पुन्हा बदललेली, चेंबर वाढवलेलं. यंत्रणा चालू स्थितीत. मॅगझिनमधला ठोकळा रूपांतराचा मूळ भाग, काढू नये.

काय झालं

संस्थेने यादी या नोंदीसह ठाण्यात दिली आणि सोबत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेला पत्र लिहिलं. चारच दिवसांत पंचनामा होऊन बंदूक पोलिस शस्त्रागारात जमा झाली. पुंगळीही गेली. प्रतिबंधित बोअरचा विषय केंद्राच्या मंजुरीचा, त्यामुळे पत्रव्यवहार वर सरकला. संस्थेला ती कायमची निकामी करून परत हवी आहे. चेंबर बुजवताना सरकारी ठसे आणि ठोकळा राहू द्यावा, असंही पत्रात घातलं आहे.

समितीतल्या काहींचा माझ्यावर राग आहे. ‘गप्प बसला असता तर कपाटात राहिली असती,’ असं एकाने तोंडावर सांगितलं. राहिली असती, हे खरंच आहे.

पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यांत आधी फोटो काढीन. मी पोचायच्या आधी कोणीतरी दस्त्याच्या कड्यावरचा गंज पॉलिश पेपरने घासून ‘स्वच्छ’ केला होता. छाप वाचता येते, पण मुकुटाच्या शेजारी आणखी एक लहान ठसा होता तो आता नुसता खड्डा आहे. तो एखाद्या पोलिस दलाचा किंवा तुरुंगाचा असता तर ही मस्केट कुठे वावरली ते कळलं असतं.

दुसरं, मापं पहिल्या तासात घेईन. कॅलिपर माझ्या पिशवीत होता. नळी, चेंबर आणि पुंगळी यांचे तीन आकडे आधी लिहिले असते तर ‘झिजलेली नळी’ आणि ‘दुसऱ्या बंदुकीची पुंगळी’ हे दोन्ही निष्कर्ष जन्मालाच आले नसते.

आणि हवालदारांना पहिल्या दिवशी बोलावीन. मी पुस्तकं चाळत बसलो होतो तेव्हा ते तीन गल्ल्या सोडून राहत होते. परवा त्यांचा फोन आला होता. शस्त्रागारात ओळखीच्या माणसाला सांगून ठेवलंय म्हणाले, साफसफाईत ठोकळा कोणी उपटू नका म्हणून.